झडती

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कागद तपासले.
तिकिटं, मुद्रांक, पासपोर्टची कोरी पानं.
शाई फुटली, किनार अर्ध्या केसानं सरकली,
की पेन्सिलीनं गोल, आणि ताव रद्द.
रद्द म्हणजे रद्द.
साहेबसुद्धा का म्हणून विचारत नसे.

भोंगा झाला की गेटवर रांग.
पडद्याआड झडतीला सईदाबी.
तिच्या मुलीच्या लग्नात मी जेवले होते,
तरी रोज माझ्या कमरेशी, अंबाड्यातून
तिची बोटं फिरायची.
राग कधी आला नाही.
उलट बाहेर पडल्यावर अंग हलकं वाटायचं,
कुणीतरी माझ्यावतीनं सही केल्यासारखं.

आता गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
मी नैतिकता समितीची सामान्य सदस्य.
डॉक्टर नसलेलं एक माणूस लागतं नियमाला,
ते मी.
समोर नव्या गोळीची फाईल, विटेएवढी,
बशीत कोथिंबीर वडी,
आणि पाकीट. वर छापलेलं : मानधन.

पाकीट रुग्णालय देतं.
रुग्णालयाला कंपनी देते.
ज्या कंपनीची गोळी, ती.
पहिल्या वर्षी हे मला कळलं नाही.
दुसऱ्या वर्षी कळलं, तोवर
त्यातून मिक्सर घेऊन झाला होता.

एक छापील कागद फिरतो :
प्रस्तुत संशोधनात माझे कोणतेही हितसंबंध नाहीत.
सगळे चौकटीत खूण करतात,
डॉक्टर गर्गे तेवढे करत नाहीत. सरळ गृहस्थ.
पेशंट गोळा करून देणारी एजन्सी त्यांच्या सूनबाईंची,
म्हणून ते उठून बाहेर जातात.
दुधी काचेपलीकडे त्यांची सावली
चष्मा पुसत उभी राहते.
आत आम्ही हात वर करतो.
ते परत येतात
तेव्हा त्यांच्या कपात चहावर साय धरलेली नसते.

त्या गुरुवारी, पान एक्केचाळीस.
रंगनाथ पेखळे, अठ्ठावन्न,
पेठ रोडच्या मार्केटात हमाल.
अकराव्या दिवशी गेले.
रकान्यात टाईप केलेलं : औषधाशी संबंध नाही.
हे कुणी ठरवलं, मी विचारलं.
गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी.
त्यांना पैसे कसे मिळतात?
दर पेशंटमागे.
कुणीतरी वडीची बशी माझ्याकडे सरकवली.

मी संमतीपत्र मागितलं.
उजेडात धरलं, जुन्या खोडीनं.
अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही,
ळ-ची गाठ उलटी मारलेली.
मागच्या पेशंटच्या कागदावर तीच गाठ.
त्याच्या मागच्याही.
सात अंगठे, सात तारखा,
साक्षीदारांची सात वेगवेगळी नावं,
आणि मनगट एकच.

पर्समधून पेन्सिल काढली.
सातही सह्यांना गोल केले.
खोलीत एसी तेवढा बोलत होता.
काचेवरची सावली चष्मा पुसायची थांबली.
मग अध्यक्ष हसले, अगदी मायेनं :
"ताई, तुमची नजर अजून प्रेसमध्येच आहे हो."

महिन्यानं इतिवृत्त आलं. त्यात माझी एक ओळ :
सामान्य सदस्यांनी मराठी मजकुराच्या
शुद्धलेखनाबाबत उपयुक्त सूचना केल्या.
फाईल पुन्हा मागवून पाहिली.
गोल खोडरबरानं पुसलेले.
कागदावर नुसती खरखर,
बोट सरावाचं असेल तरच लागेल अशी.

खाली दाराशी वॉचमन
आत येणाऱ्यांच्या पिशव्या उघडून बघत होता,
डबे, थर्मास, कुणाचं शहाळं.
बाहेर जाणाऱ्यांकडे त्याची पाठ.
माझ्या पर्समध्ये पाकीट होतं. ह्याही महिन्याचं.
मी वळसा घालून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले
आणि सवयीनं दोन्ही हात वर केले.

"आजी," तो म्हणाला,
"रिक्षा पलीकडून मिळेल."